बरी झालेली जखम

"उपचारांचे कागद?" पेन्शन कचेरीतल्या कारकुनानं विचारलं.

"कसले?" आई म्हणाली.

"जखमेचे हो, आजी. दाखल्यावर लिहिलंय, हृदय बंद पडून वारले. लढाईतल्या जखमेनं गेले म्हणता, तर वाढीव पेन्शनला पुरावा नको? दवाखान्यात नेत होतात ना?"

"दवाखान्यात कशाला? मी होते ना."

बाबांच्या पायात तोफगोळ्याचा एक तुकडा राहून गेला होता. अडतीस वर्षं ती जखम भरत आली की पुन्हा फुटायची. आई रोज सकाळी पाणी उकळायची, जखम धुवायची, जुन्या चादरीच्या पट्ट्या बांधायची. "पलटणीतसुद्धा इतका कडक साहेब नव्हता," बाबा म्हणायचे. शेवटी ताप चढला तो उतरलाच नाही. घरी आलेल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि दाखला लिहिला. पट्टी सोडून बघितली नाही. मी शेजारीच उभी होते. मलाही सुचलं नाही.

साध्या पेन्शनीत घरभाडं आणि आईची औषधं यांपैकी एकच काहीतरी भागत होतं.

"शेजाऱ्यांना विचारा," मी म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलंय."

"ताई, शेजारी फायलीला लावता येत नाहीत हो."

माणूस वाईट नव्हता. आईला त्यानं स्वतःची खुर्ची दिली होती. छापील कागदावर उभ्यानंच लिहून त्यानं वाचून दाखवलं, "उपचारांची नोंद नाही, सबब उजव्या पायाची जखम पूर्ण बरी झाली असावी. अर्ज नामंजूर. इथं सही करा, आजी. कळवल्याची."

"बरी झाली?" आई माझ्याकडे वळली. "न्यायला हवं होतं का गं मी त्यांना दवाखान्यात? एकदा तरी?"

"नाही गं," मी म्हणाले. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

कारकुनानं पेन पुढे केलं. तिनं घेतलं नाही.

"डावा," ती म्हणाली.

"काय?"

"उजवा लिहिलंत. पाय डावा होता."

"अहो, अर्जच गेला आता. डावा काय नि उजवा काय!"

"डावा."

मागची रांग चुळबुळू लागली. अखेर त्यानं 'उजव्या'वर रेघ मारली, वर 'डाव्या' लिहिलं आणि बाजूला आपली छोटी सही केली. आईनं कागद डोळ्यांजवळ नेऊन तो शब्द वाचला.

मग तिनं पेन मागितलं.