डाव्या पायाचा खर्च

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही वांग्याच्या सरीत अनवाणी उभे आहात. पाटाचं पाणी घोट्यापर्यंत चढलंय आणि त्याचा गारवा एकाच पायाला कळतोय.

चोपन्न साली वडगाव निंबाळकरच्या महिपतीचं तसं झालं. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. बारामतीच्या डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. पुण्यात ऑपरेशन करून रक्ताची वाट मोकळी करायची, खर्च चारशे रुपये. नाहीतर गुडघ्याखाली पाय कापायचा, त्याला नव्वद.

ओसरीवर मेहुणा संभाजी त्याला समजावत होता. "दाजी, नव्वदात भागतंय. चारशेत बैल येतो बैल!"

आत भाकरी थापणाऱ्या महिपतीच्या बायकोनं, धोंडाबाईनं, सकाळपासून हे तिसऱ्यांदा ऐकलं. ती पिठाच्या हातानंच दारात आली.

"मग तुझाच पाय काप की! बैल घे आन् बस त्याच्यावर."

"अक्का, मी हिशोबाचं बोलतोय."

"अर्ध्याच हिशोबाचं! एका पायावर पाणी धरता येतं व्हय रं? दर पाळीला गडी लावायचा. त्याची मजुरी, त्याची भाकरी, आन् ते जल्मभर. नव्वद म्हणं!"

संभाजीनं मान खाजवली. "मंग पुण्यालाच जाऊ."

"न्हाय," खांबाला टेकलेला महिपती म्हणाला, "कापूनच टाकू."

धोंडाबाईनं कपाळावर हात मारला. पीठ भुवयांवर सांडलं.

"आता खरं सांगा की! डाक्तर म्हणलं, आप्रेशन केलं तरी विडी सोडाय पायजे. म्हणून पाय द्यायला निघालेत हे! आन् विडी चालू ऱ्हायली तर उजवा बी जाईल. मंग किती नव्वद मोजायचं?"

"चाळीस वरसांची सवय," महिपती पुटपुटला, "एका दिसात सुटती व्हय?" त्यानं कानावरची विडी काढली आणि रोजच्यासारखी नातीला हाक मारली, "रतन, निखारा आन गं."

आठ वर्षांची रतन चिमटा घेऊन चुलीशी बसली. आजोबांना निखारा नेऊन देणं तिचंच काम होतं. तिनं तव्यावरची अर्धीकच्ची भाकरी उचलून परातीत ठेवली. चिमटा भिंतीला टेकवला. मग पाण्याचा भरला तांब्या दोन्ही हातांनी उचलून चुलीत ओतला.