परसावरचं छप्पर

बेबीला बावन्न वर्षं झाली होती, तरी गल्लीत तिला बेबीच म्हणत. लहान पोरं मान द्यायचा म्हणून बेबीताई म्हणत, एवढंच. घरात ती आणि तिची आई. बेबी पुढच्या खोलीत ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवायची आणि आई मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसून असायची.

आईचं डोकं तीन वर्षांपासून दगा देत होतं. सकाळी जेवली की नाही हे तिला आठवायचं नाही. बेबीला कधी ती लेक म्हणायची, कधी नणंद, तर कधी "अहो बाई". पण परसातलं ऊन तिला कळायचं. ऊन नळापाशी आलं की ती उठून हातपाय धुवायची आणि ताटावर बसायची. ऊन तिसऱ्या पायरीवर चढलं की फणी मागायची, अंबाडा घालायची आणि बाबांची वाट बघायची. बाबा कारखान्यातून याच वेळेला यायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. ऊन पायरीवरून उतरलं की आई स्वतःशीच म्हणायची, "आज थांबवून घेतलं असेल," आणि आत यायची. तासाभराचं वाट बघणं असे ते. त्यात तिला दुःख होत नव्हतं, म्हणून बेबीनं कधी मोडता घातला नाही.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. एका दुपारी आई पायरीवरच कलंडली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि बेबीला खडसावलं. या वयात म्हातारीला उन्हात बसवता, पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणू नका, म्हणाले. आईला आत कोंडणं बेबीच्या जिवावर आलं. तेव्हा तिनं परसावर छप्पर घालायचं ठरवलं.

गल्लीच्या तोंडाशी एका पत्रेवाल्याचं दुकान होतं. काहीही विचारा, "दोन दिवसांत करून देतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे लोकांनी त्याचं आडनावच दोनदिवसे करून टाकलं होतं. काम मात्र चोख. तो आला, फरशीवर उकिडवा बसला, टेप लावून दोनदा मापं घेतली. चार खांब, भिंतीकडून बाहेर उतार, वर जाड पत्रे. दोन दिवसांचे नऊ झाले. त्या नऊ दिवसांत आई आत खाटेवर बसून ठोकाठोक ऐकत राहिली. कुणाचं घर बांधतायत, म्हणून विचारायची.

छप्पर झालं आणि परसात गारवा आला. बेबी मनाशी म्हणाली, उशीर झाला, पण झालं एकदाचं. तिनं हात धरून आईला पायरीवर आणून बसवलं. आईनं इकडेतिकडे पाहिलं. नळाकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं.

"उजाडायचंय का अजून?" तिनं विचारलं.

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

मग रोज तेच. ऊन नाही, म्हणून जेवायची वेळ होईना. बेबी ताट घेऊन मागे लागे आणि आई म्हणे, एवढ्या पहाटे कोण जेवतं? फणी मात्र ती कधीही मागू लागली. सकाळी नऊला अंबाडा घालून बसे आणि दिवस मावळेपर्यंत दाराकडे बघत राही. पूर्वी ऊन उतरलं की वाट बघणं संपायचं. आता ते संपायला काही कारणच उरलं नाही.

बेबीनं दोनदिवसेला बोलावून सगळं सांगितलं. त्यानं मधले दोन पत्रे काढून पांढुरके, उजेड येईल असे बसवले. उजेड आला, पण सगळीकडे सारखा, दुधाळ. त्याला ना कड होती, ना तो सरकत होता. आईला त्याचा काही उपयोग झाला नाही. पावसाळाभर बेबीनं रेटलं. एक दिवस ती मशीनवर मान खाली घालून शिवत असताना आई तिच्या पाठीमागून पुढच्या दारानं निघून गेली. दोन गल्ल्यांपलीकडे एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर सापडली. कारखाना कुठे गेला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती.

दुसऱ्या दिवशी बेबी दोनदिवसेच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "काढून टाका ते."

आपल्या हातचं धडधाकट काम उतरवायचं म्हणजे माणसाला लागतंच. त्यानं हातातला टेप गुंडाळून ठेवला. मग आला आणि सगळे पत्रे एकट्यानं उतरवले.

तोवर थंडीचे दिवस आले होते. ऊन परसात आलं, पण नळाला त्यानं शिवलंच नाही. घराचीच सावली लांब पडली होती आणि तिसरी पायरी तिच्यात बुडाली होती. ऊन होतं ते लांब, कुंपणाच्या भिंतीवर. दरवर्षी ते असंच सरकत असणार, पण तिळातिळानं, आणि आई त्याच्यासोबत सरकत असणार. या वर्षी मधले महिने तिच्या हातून गळले होते. तिनं भिंतीवरच्या उन्हाकडे पाहिलं. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि मान फिरवली.

बेबी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिला रडूही येईना.

दोनदिवसे खांबांचे बोल्ट सोडवत होता. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही कारखान्यातले ना? आमचे हे निघाले का?"

त्यानं पाना खाली ठेवला.

"नाही, मावशी. त्यांना आज डबल ड्यूटी लागलीय. निरोप दिलाय, जेवून घ्यायला सांगा."

आईनं मान हलवली. "तरीच," म्हणाली, आणि उठून ताटावर बसली. चांगली पोळी-भाजी जेवली आणि खाटेवर आडवी झाली.

बेबी त्याला दारापर्यंत सोडायला गेली. असं खोटं सांगितलं याचा राग येतोय की आभार मानायचेत, हे तिचं तिलाच ठरवता येईना. त्याला ते कळलं असावं.

"माझ्या आईचंही असंच झालं होतं," तो म्हणाला. "मी रोज खरं सांगायचो. वडील गेले, आई, वडील गेले. रोज तिला ते नव्यानं कळायचं. दीड वर्ष असं केलं मी."

पत्रे हातगाडीवर टाकून तो गेला.

त्यानंतर बेबी रोज बाराला मशीन थांबवून आत जायची आणि निरोप सांगायची. आज डबल ड्यूटी आहे. आई जेवायची. खोटं बोलायला बेबीला पहिले काही दिवस जड गेलं. मग तेही एक कामच झालं, काजं-बटणं करण्यासारखं. वर्ष संपता संपता आईनं बाबांबद्दल विचारणं सोडलं. मग इतर कुणाबद्दलही. बेबीनं आपलं मशीन खाटेशेजारी आणून ठेवलं. मशीनच्या आवाजानं आई निदान झोपते, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.