उजेडाकडे फिरलेली खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर बसून आजवर कुणी आराम केलेला नाही. जो बसला त्याने आधी तोंड उघडले, मग डोळे घट्ट मिटले आणि उठायची परवानगी मिळताच धूम ठोकली. तरीही मी खुर्चीच आहे. लोखंडी नळ्यांची, हिरव्या रेक्झिनची, सुटकेससारखी मिटणारी. दात तपासायची जुनी खुर्ची.

दंत महाविद्यालयाच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. तिथे एक वेल्डर रुग्णालयाच्या मोडक्या खाटा जोडत असे. एके दिवशी एक तरुण अध्यापिका कागदावर काढलेले चित्र घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तिला गाडीत मागे मावेल, शाळेच्या व्हरांड्यात डुगडुगणार नाही आणि बसणाऱ्याचे डोके एकाच जागी धरून ठेवील अशी खुर्ची हवी होती. एवढ्याशा तपासणीला साधे स्टूल काय वाईट, असे वेल्डरने विचारले.

"डोकं हललं की आकडा हलतो," ती म्हणाली.

वेल्डरला ते कळले नाही, पण त्याने काम मन लावून केले. डोके टेकायच्या उशीला त्याने अशी खिटी बसवली की ती आजही हलत नाही.

माझ्यावर सर्वांत आधी त्या अध्यापिकेची आई बसली. सराव कुणावर करायचा, म्हणून आईला धरून आणले होते. तोंडात आरसा असतानाही आईचे बोलणे थांबेना. इतरांच्या मुली दात भरतात, दात बसवतात, आमची नुसती मोजते, असे तिचे म्हणणे. मोजून कुणाची दाढदुखी थांबते का, हा तिचा सवाल होता.

"एकाची नाही थांबत, आई. शाळेची थांबते. आता आ कर."

हेच तिचे काम होते. महाविद्यालयातल्या इतर विभागांत विजेवर वरखाली होणाऱ्या मोठ्या खुर्च्यांची रांग होती. तिच्या विभागात मी एकटी. तिथले डॉक्टर समोर आलेल्या माणसाचा दात बघत. ही अख्ख्या वस्तीचे दात बघायला स्वतः जाई. कोणत्या शाळेत कीड जास्त, का जास्त, काय केले तर ती कमी होईल, हे शोधी आणि शिकवी. पुढे ती त्या विभागाची प्राध्यापक झाली, प्रमुख झाली. विद्यार्थी पाठीमागे तिला 'मोजपट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही असावे. आपण त्यांना बाई म्हणू.

माझे काम सोपे होते. गाडीचे चालक, ज्यांना सगळे मामा म्हणत, मला खांद्यावर टाकून व्हरांड्यात नेत आणि उघडत. मला कसे ठेवायचे याचा बाईंचा नियम होता. उजेड बाजूने यायला हवा. समोरून आला तर मुलाचे डोळे दिपतात, पाठीमागून आला तर तोंडात काळोख. म्हणून मी भिंतीला समांतर. मग एकेक मूल येई. बाई आरसा फिरवत आणि म्हणत, "खालची डावी, कीड. वरची उजवी, शाबूत." शेजारी बसलेली विद्यार्थिनी ते लिहून घेई. ती इतकी नेटकी लिही, की पुढे त्याच विभागात शिकवायला लागली. मामा तिला धाकट्या बाई म्हणू लागले.

पहिल्या पाहणीत खूप कीड निघाली. बाईंनी काही शाळांत नळांची एक लांब रांग बांधून घेतली. मधल्या सुट्टीनंतर सगळी मुले एका ओळीत उभी राहून दात घासू लागली. मुख्याध्यापकांनी आधी नाके मुरडली, शिक्षकांनी कटकट केली, मुलांनी एकमेकांवर चुळा टाकल्या. हळूहळू अंगवळणी पडले.

दर काही वर्षांनी पाहणी होई. दर पाहणीत कीड आधीपेक्षा कमी निघे. बाईंचे नाव झाले. त्या मोठ्या सभांमध्ये बोलू लागल्या. एकदा तर माझाही फोटो छापून आला, बाईंचा हात माझ्या उशीवर.

दोन पाहण्यांच्या मधली वर्षे मात्र मी कोठीत काढली. फुटक्या कवळ्या आणि प्लास्टरचे जबडे माझ्या अंगावर रचून ठेवत. कुणीतरी पंखा पुसायला बूट घालून माझ्यावर चढले, तेव्हा रेक्झिन फाटले. मामांनी ते चिकटपट्टीने सांधले. तक्रार करत नाही. घडीच्या वस्तूंच्या नशिबी हे असतेच.

आता मूळ गोष्टीकडे येते.

बाईंच्या नोकरीतली शेवटची पाहणी होती. ती झाली की अहवाल शिक्षण खात्याकडे जाणार होता. नळ आणि ब्रश सगळ्या शाळांत न्यायचे की आहेत तेही बंद करायचे, हे त्या अहवालावर ठरणार होते. बाईंचा उभा जन्म त्यात गेला होता.

प्रत्येक पाहणीआधी एक कवायत असते. सगळे तपासणारे एकाच शाळेतली तीच मुले आळीपाळीने तपासतात. एकाने काय सांगितले ते दुसऱ्याच्या कानावर जाऊ देत नाहीत. मग सगळे ताडून बघतात. ज्याचे बाईंशी जुळत नसे त्याला पुन्हा शिकावे लागे, कारण माप बाईंचे.

या वेळी तिघे तरुण डॉक्टर होते. तिघांचेही जुळले नाही. बाईंना जे दात शाबूत वाटत, त्यांतल्या कित्येकांना हे तिघे कीड म्हणत. बाईंनी त्यांना झापले. दिसला डाग की म्हणा कीड, असे चालत नाही, असे सुनावले. कवायत पुन्हा घेतली. पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा बसवलेली एक मुलगी वैतागून म्हणाली, "माझे दात पळून जाणारेत का? सारखे काय मोजताय?"

सगळे हसले. धाकट्या बाई हसल्या नाहीत. त्या ताडून बघत होत्या. तिघांचे बाईंशी जुळत नव्हते, पण एकमेकांशी तंतोतंत जुळत होते.

मुले वर्गात गेल्यावर धाकट्या बाई येऊन माझ्यावर बसल्या.

"मॅडम, मला तपासा."

"तुला कशाला?"

"मी पण या कवायतीतलं एक मूल आहे असं समजा."

बाईंनी आरसा घेतला. मला जरा उजेडाकडे फिरवायला सांगितले आणि नीट, सावकाश तपासले. "सगळे शाबूत. ऊठ."

धाकट्या बाई उठल्या नाहीत. "खालची उजवी, मागून दुसरी. परत बघाल?"

"डाग आहे. कीड नाही."

"कवायतीआधी मी या तिघांना ती वेगवेगळी दाखवली. तिघांनीही तिला कीड म्हटलंय. एकमेकांना न विचारता. आणि मॅडम, जीभ लावली की खड्डा मला लागतो."

बाईंनी बोथट टोकाची सळई उचलली आणि त्या दाढेवरून फिरवली. सळई एका जागी आत गेली. त्यांचा दुसरा हात माझ्या उशीवर होता. त्याची पकड घट्ट झाली.

"आधी का नाही बोललीस?"

"नुसतं वाटून बोलायचं नाही, ताडून बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी मामांना हाक मारली आणि विचारले, ही खुर्ची आपण पूर्वीपासून अशीच ठेवतो का?

मामा चपलांकडे बघत राहिले. "नाही मॅडम. पूर्वी भिंतीला समांतर असायची. दर खेपेला तुम्ही म्हणायचात, जरा उजेडाकडे. मला वाटलं, उन्हाचीच दिशा बदलली असेल."

मित्रांनो, ते खरे होते. दर पाहणीत मी थोडी थोडी वळत गेले होते. पूर्वी मुले माझ्यावर बसून भीतीने डोळे मिटत; अलीकडे उन्हाने मिटत. पण खुर्चीला कोण विचारतो आणि खुर्ची कुणाला सांगते?

धाकट्या बाई उठल्या आणि बाई माझ्यावर बसल्या. तोंड न उघडता बसलेले ते पहिलेच माणूस. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, हे नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले. पण त्या क्षणी त्यांना डोळ्यांची काळजी नव्हती.

"मुलांचे दात सुधारले म्हणून मला कीड कमी दिसली," त्या म्हणाल्या, "की मला दिसत नाही म्हणून कीड कमी झाली?"



महाविद्यालयातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन समजावले. निवृत्ती तोंडावर आली आहे, डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्या, जुने उकरू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई म्हणाल्या की मूठ माझी असती तर झाकलीही असती. आत मुलांचे दात आहेत.

जुनी मुले मोठी होऊन पांगली होती. त्यांचे दात पुन्हा मोजता येणार नव्हते. म्हणून बाईंनी दुसरा मार्ग काढला. नळवाल्या शाळांतली मुले आणि ज्यांच्याकडे नळ कधी गेलेच नाहीत अशा शेजारच्या शाळांतली मुले, दोन्ही एकत्र आणायची आणि तिघा तरुणांनी तपासायची. कोण कुठले हे त्यांना कळता कामा नये. मुलांना बसने वाचनालयाच्या सभागृहात आणले. गणवेशावरून शाळा ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकाला पांढरा एप्रन चढवला. बाहीत हात हरवलेली ती मुले स्वतःला डॉक्टर समजून एकमेकांच्या तोंडात डोकावत होती. मी खिडकीपाशी होते, भिंतीला समांतर.

बाई आत आल्या नाहीत. त्या पायऱ्यांवर बसून मुलांचा गोंगाट आवरत होत्या. जन्मभर ज्यांनी मोजले, त्यांना त्या दिवशी मोजायची मनाई होती. ती मनाई त्यांनीच स्वतःला केली होती.

हिशेब जुळवून झाल्यावर धाकट्या बाई पायऱ्यांवर आल्या. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले. "फरक आहे, मॅडम." मग जरा थांबून, "आपण सांगत आलो त्याच्या निम्मा."

"पण आहे?"

"आहे."

खात्याच्या सभेत मला शोभेसाठी व्यासपीठावर ठेवले होते. बाई उठल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता बोलल्या. "गेल्या वेळी मी इथं जो आकडा सांगितला, तो चुकीचा होता. त्यातला निम्मा वाटा माझ्या डोळ्यांचा होता. ब्रशचा वाटा उरलेला निम्मा. पण तो खरा आहे."

सभागृहात कुजबुज झाली. पहिल्या रांगेतले अधिकारी पेन टेबलावर आपटत म्हणाले, "मग निम्म्यासाठी एवढा खटाटोप चालू ठेवायचा?"

"साहेब, ज्या मुलाची दाढ वाचते, त्याची निम्मी वाचत नाही. अख्खी वाचते."

टाळ्या वाजल्या नाहीत. निर्णयही बाईंना हवा तसा झाला नाही. होते ते नळ राहिले. नव्या शाळांचे पुढे बघू, असे ठरले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने 'प्राध्यापकांची कबुली' असा मथळा दिला. बाईंनी तो वाचून कात्रण विभागाच्या फलकावर लावले, विद्यार्थ्यांना दिसेल असे.

मग डोळ्यांचे ऑपरेशन झाले. मामा सांगत होते, पट्टी निघाल्यावर बाईंनी आधी आईलाच आ करायला लावले. आईची कवळी नेमकी घरी राहिली होती. आई म्हणाली, "घे, आता काय मोजतेस ते मोज."

निवृत्तीनंतर बाई एकदा पाहणीला आल्या. प्रमुख आता धाकट्या बाई होत्या, त्यामुळे माप त्यांचे. बाईंना इतरांसारखीच कवायत करावी लागली. मामांनी मला उघडले आणि सवयीने उजेडाकडे वळवू लागले. बाईंनी माझी उशी धरून मला परत भिंतीला समांतर केले. एका मुलाच्या दाढेवरून दोघींचे जुळले नाही. ते मूल पुन्हा बसले, मग जुळले. धाकट्या बाई म्हणाल्या, "पास," आणि बाई लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मित्रांनो, आता माझ्या नळ्यांना गंज चढला आहे, पण खिटी शाबूत आहे. कोठीत मला जबड्यांखाली दाबू नका, बूट घालून माझ्यावर चढू नका. कधीतरी सांध्यांत तेल सोडा. ज्याच्या मापाने तुम्ही बाकीच्यांना मोजता, त्याचेही माप अधूनमधून घेत जा; तो रागावला तरी घ्या. आणि दात घासा. बाई पूर्वी सांगत होत्या तेवढा नाही, त्याच्या निम्माच फरक पडतो. पण पडतो. ते ताडून बघितलेले आहे.