तीन आणि चार नंबरच्या मधली भिंत

"प्रश्न सातवा. काच स्वच्छ आणि पारदर्शक आहे का?"

"आहे की. परवा दोन चिमण्या आपटून पडल्या," मावशी म्हणाली.

साहेबांनी 'होय'पुढे खूण केली.

साहेब म्हणजे प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक. त्यांच्या हातात नव्या चिंपांझीघराचा ताबा घ्यायचा फॉर्म होता. शेजारी नकाशेवाला, ज्या तरुण आर्किटेक्टने हे घर कागदावर उभं केलं, त्याला मावशीने पहिल्याच दिवशी दिलेलं नाव. आणि दोघांच्या मागे मावशी, सव्वीस वर्षं चिंपांझींचं खाणंपिणं, दुखणंखुपणं, रुसवेफुगवे बघणारी. उद्या सकाळी सहा जनावरं जुन्या पिंजऱ्यातून इथे आणायची, परवा पाहुण्यांनी फीत कापायची. फॉर्मवर प्रश्न एकतीस. तळाशी सह्या तीन. तिसरी मावशीची.

प्रश्न आठवा. भित्तिचित्रे पूर्ण झाली आहेत का?

होय. आतल्या चारही खोल्यांच्या भिंतींवर जंगल होतं. वेली होत्या, धबधबा होता, आणि तीन नंबरच्या खोलीत एक पोपट असा काही हसत होता की जन्मात कुठला पोपट तसा हसला नसेल.

प्रश्न नववा. प्रत्येक खोलीचा प्रत्येक कोपरा प्रेक्षकांना दिसतो का?

"हे बघा मावशी," नकाशेवाला म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. बोलताना चष्मा पुसायचा. "कुठेही उभं राहा, प्राणी दिसणारच. चार खोल्या, चारही मधल्या चौकात उघडतात. बाहेरून आला, चौकात आला, खोलीत गेला, झोपला. एकदम सोपं."

मावशी तीन नंबरच्या खोलीत शिरली. भिंतीला हात लावत तिने पूर्ण फेरी मारली आणि आली होती त्याच दाराने बाहेर पडली. चार नंबरमध्ये शिरली. तशीच परत आली.

"दुसरं दार कुठंय?"

"कसलं दुसरं?"

"मुकादम दारात येऊन बसला, तर धाकटीने कुठनं निघायचं?"

मुकादम हा कळपातला थोरला नर. धाकटी सगळ्यात शेवटी आलेली मादी. अंगाने किरकोळ, एक कान फाटलेला. शेवटी येणाऱ्याच्या नशिबी जे असतं तेच तिच्या नशिबी होतं. कुणाचंही डोकं फिरलं की फटका हिला.

"मावशी, आपण त्यांना जंगल देतोय," नकाशेवाला म्हणाला.

"जंगलाला भिंती कुठं असतात रे बाळा? तिथं पळता येतं."

"नकाशा तुम्हाला दाखवला होता ना?" साहेबांनी विचारलं.

"दाखवला. चहाचे कप ठेवले होते त्याच्यावर. तीन नंबरवर तुमचाच होता."

साहेबांनी फॉर्म उलटून पाहिला. मग मावशीनेच सोपं करून सांगितलं. "साहेब, सासू स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली, की आत भाजी चिरणारीचं काय होतं ते मला विचारा. आमच्याकडं निदान मागचं दार होतं."

आता मात्र दोघंही हसले. साहेबांनी तर रुमालाने डोळे टिपले, आणि हसता हसताच ते दहाव्या प्रश्नावर गेले.

एकतीस प्रश्नांत दारांविषयी प्रश्न एकच होता. बिजागऱ्यांना तेल दिले आहे का? होय.

मावशीने सही केली नाही. साहेबांनी तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' असं लिहिलं. ती समोर उभी होती.

फॉर्मवर नसलेला प्रश्न. जुना पिंजरा कसा होता?

दिसायला तुरुंग. लोक नाकं मुरडायचे, फोटो काढायचे, वर्तमानपत्रं 'लाजिरवाणे' म्हणून छापायची. त्या लाजेपोटीच हे नवं घर झालं. पण तो पिंजरा बांधणाऱ्या कुणा जुन्या ओव्हरसियरला एक गोष्ट कळत होती. सहा खोल्या त्याने गोल लावल्या होत्या आणि प्रत्येकीला दोन दारं ठेवली होती. मागे लागणारा एका दाराने आत आला की पळणारा दुसऱ्याने बाहेर. तीन-चार फेऱ्या झाल्या की मागे लागणारा दमायचा, खाली बसायचा, आणि घटकाभराने दोघं एकमेकांच्या केसांतला कचरा वेचत बसलेले असायचे.

अकरा वर्षांपूर्वी त्यातलं एक दार गंजून अडकलं. उद्या बघू, असं वरून सांगण्यात आलं. त्या दुपारी आत म्हातारी मादी होती, आणि उघड्या दारात डोकं फिरलेला नर. मावशी बाहेरून पाण्याचा पाइप मारत राहिली, थाळी बडवत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो तिने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. म्हातारीच्या उजव्या हाताला दोन बोटं उरली आणि आठवड्याने ती गेली. दार दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालं होतं. बैल गेला नि झोपा केला.

"सही केली नाहीस ना, मग सुटलीस," नवरा म्हणाला. मावशी दुपारची जेवायला घरी आली होती. क्वार्टर्स संग्रहालयाच्या मागेच. नवरा शिंपी, मशीनवरून त्याने मान वर केली नाही. "उद्या काही झालं तर तुझं नाव कुठं नाही."

"माझं नाव नाही. बोटं तिची आहेत."

"मग काय करतेस? भिंत फोडतेस?"

तीस वर्षांच्या संसारात त्याची एवढी एकच सूचना तिने जशीच्या तशी मानली.

मिस्त्री नव्या घराच्या सावलीत डबा उघडून बसला होता. भिंती त्यानेच बांधल्या होत्या.

"मधली भिंत किती इंची रे?"

"सहा. का?"

"भोक बुजवलं तर किती दिवसांनी पक्कं होतं?"

"आठवडा तरी पाहिजे. त्याआधी तुमची जनावरं उकरून खातील."

"जनावरं उद्या येतायत," मावशी म्हणाली. "आठवडा कुणाकडं आहे?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला.

तीन नंबरच्या खोलीत मावशीने खडूने चौकट आखली. उंची तिच्या कमरेएवढी, रुंदी दोन हात. पोपट नेमका चौकटीत आला. मिस्त्रीच्या हातोड्याचा पहिला घाव त्याच्यावरच बसला आणि थोडा रंग उडाला. दुसऱ्याने गिलावा पडला. तिसरा तिच्याच मनगटात झिणझिण्या आणून गेला.

"नकाशात नाहीये ते," दारातून मिस्त्री म्हणाला.

चौथा घाव.

"अहो मावशी, भिंत अशी नाही फोडत. वरचं सगळं डोक्यात येईल. सांध्यात मारा, सांध्यात."

पाचवा. मिस्त्रीने डबा बंद केला, हात धुतले, पँटला पुसले. "द्या इकडं. बघवत नाही."

"तू इथं नव्हतास, लक्षात ठेव."

"मी जेवतोय," मिस्त्री म्हणाला आणि त्याने छिन्नी लावली.

साहेब आले तेव्हा आरपार दिसत होतं. आत्ताच्या आत्ता बुजवा, असं ते चारदा म्हणाले. मिस्त्री चेहऱ्यावरची रेषही न हलवता चारदा म्हणाला, "आठवडा लागेल साहेब." नकाशेवाला मागून आला. तो गुडघ्यांवर बसला, भोकातून पलीकडे गेला, चार नंबरच्या दाराने चौकात आला, पुन्हा तीनमध्ये शिरला. असा तो दोनदा फिरला. मग चष्मा पुसत राहिला.

कारणे दाखवा नोटीस, आणि मावशीची उत्तरं.

एक. आपण संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान केले हे मान्य आहे का? — भिंतीला दार केले. मान्य.

दोन. कोणाच्या परवानगीने? — माझी नोंद अनुपस्थित अशी आहे. जो हजर नाही त्याने परवानगी कशी मागावी?

तीन. आपल्यासोबत कोण होते? — पोपट.

चार. आपणास केल्या कृत्याचा पश्चात्ताप होतो का? — होतो. एक आणि दोन नंबरच्या मधली राहिली.

एक आणि दोनच्या मधलीही पुढे झाली. दोन्ही भोकांना लोखंडी चौकटी बसल्या. बाहेर पाटी लागली: 'प्राण्यांच्या मुक्त संचारासाठी खास रचना'. कार्यालयात सुधारित नकाशा आला, त्यावर तारीख गेल्या वर्षीची. समारंभात पाहुण्यांनी नकाशेवाल्याची पाठ थोपटली तेव्हा तो खाली बघत होता, असं मिस्त्रीने येऊन सांगितलं. मावशीला ते बघता आलं नाही. तिला आदल्याच दिवशी फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं होतं. जनावरांच्या भागात पाऊल ठेवायचं नाही, असा लेखी हुकूम. निवृत्तीला पावणेतीन वर्षं होती.

फाटकापर्यंत मुकादमाची आरोळी यायची. बाकीच्यांचे आवाजही तिला वेगवेगळे कळायचे. धाकटी मात्र कधी ओरडायची नाही, मार खातानाही नाही. त्यामुळे ती कशी आहे हे कानाला कळायला मार्ग नव्हता. मावशीच्या जागी घेतलेला नवा माणूस डोळे चुकवून निघून जायचा. त्यालाही नोकरी होती.

पाचव्या दिवशी दुपारी एक बाई तणतणत बाहेर आली. कडेवर पोर, मागे पिशव्या धरलेला नवरा.

"एवढं नवीन बांधलंय, आणि बघायला मिळत काही नाही."

"का हो? जागी नव्हती का?" मावशीने विचारलं.

"जागी होती ना. एक छोटीशी, कान फाटलेली, खोलीत बसलेली. तो दांडगा आला तिच्या अंगावर. सगळे मोबाइल काढून उभे. तर ती मेली भिंतीतनं पलीकडं गेली, अन् चौकात येऊन बसली."

"आणि तो?"

"एक चक्कर मारली त्याने. मग तोही बसला. संपला खेळ." बाईने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "ती तर आमच्याकडं पाठ करून गाजर खायला लागली. आम्ही काय पाठ बघायला आलो होतो? तक्रार कुठं करायची असते इथं?"

"माझ्याकडं करा," मावशी म्हणाली.

तिने आपलं स्टूल बाईला दिलं आणि स्वतः उभी राहिली. आत जाणाऱ्यांची रांग तिकिटं पुढे धरून थांबली होती. मावशीने त्यांना हातानेच थोपवलं.

"पहिल्यापासनं सांगा. कुठल्या हातात धरलं होतं गाजर?"