रिकाम्या खोलीची शांतता

मित्रांनो, तुम्ही मला पाहाल तर शिंप्याची नाहीतर न्हाव्याची पेटी समजाल. तुमचा दोष नाही. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, पण घरोघरी गाणी वाजवणाऱ्यांच्या कुळातला नाही. चित्रीकरण चालू असताना माणसांचे बोलणे, पावले, दारांची करकर टिपून घेणे हा माझा धर्म. माझ्या पाठीवर दोन चकत्या आहेत, त्यांवरून तपकिरी फीत सरकते, आणि पुढे एका काचेमागे केसाएवढा काटा थरथरत असतो. आवाज वाढला की काटा उजवीकडे झुकतो. सगळे गप्प झाले की डावीकडे येऊन निजतो. निदान त्याने निजावे, अशी अपेक्षा असते.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे माझा काटा बसवणाऱ्या बाईने काम संपेपर्यंत श्वास रोखून धरला होता. कदाचित म्हणूनच रोखलेला श्वास मला दुरूनही ओळखू येतो. पुढे एका मोठ्या चित्रपट कंपनीत राबलो. नवी यंत्रे आल्यावर तिने मला माळ्यावर लोटले. तिथून मला खाली काढले ते एका सडपातळ मुलीने. ती पटकथा स्वतः लिहायची आणि दिग्दर्शनही स्वतःच करायची. जग तिला दिग्दर्शिका म्हणे, तिची आई ‘चिमे’ म्हणे. मलाही तेच नाव आवडायचे.

चिमीच्या मागे ना कंपनी होती ना स्टुडिओ. निर्माते तिची पटकथा वाचून मान हलवत आणि म्हणत, “छान आहे हो, फक्त शेवट गोड करा.” ती कागद उचलून उठे आणि जिन्यात आल्यावर पुटपुटे, “गोड हवं असेल तर मिठाईवाल्याकडे जावं माणसानं.” पहिला चित्रपट तिने बंद पडलेल्या लॉजमध्ये केला. त्याच्या पहिल्या खेळाला प्रेक्षकांहून खुर्च्या जास्त होत्या. दुसरा धोबीखान्यात केला. त्याला दूरच्या एका महोत्सवात बक्षीस मिळाले, वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र आले, आणि महिना उलटतो न उलटतो तोच ती पुन्हा त्याच जिन्यांवर तेच वाक्य ऐकत उभी होती.

मला सांभाळायचा तो तिचा शाळेपासूनचा मित्र. गळा नव्हता, पण कान असे तिखट, की सगळे त्याला कानसेन म्हणत. या दोघांचा एक नेम होता. प्रत्येक जागेचे चित्रीकरण आटोपले की कुणालाही हलू न देता ते त्या खोलीची शांतता टिपून घेत, पुढे चित्रपट जोडताना आवाजांमधल्या फटी तिनेच भरायच्या म्हणून. मित्रांनो, शांतता सगळीकडे सारखी नसते. न्हाणीघराची वेगळी, कपड्यांनी भरलेल्या खोलीची वेगळी. माणसाचे शरीरही आवाज पिते. पाच माणसे मुकाट उभी असलेली खोली आणि चार माणसे मुकाट उभी असलेली खोली यांची शांतता एक नसते. म्हणून जेवढी माणसे असतील तेवढी जागच्या जागी थांबत, मी फिरत राही, आणि पुरे झाले की चिमी हलक्या आवाजात म्हणे, “झालं.” त्या शब्दाशिवाय कुणी पापणीही हलवायची नाही. दुसरा नेम असा, की एका खोलीत दुसऱ्या खोलीची शांतता उसनी आणायची नाही. “ते खोटं कळत नाही कुणाला,” ती म्हणे, “पण लागतं.”

तिसरा चित्रपट तिच्या आईवर होता आणि आईची भूमिका आईच करत होती. आई आयुष्यभर लोकांचे कपडे शिवत आलेली. भाड्याच्या घरातल्या त्या खोलीत खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचे लांब टेबल, भिंतीला टेकून गिऱ्हाइकांचे कपडे. आईला अभिनय सहज जमला. जमत नव्हते ते गप्प राहणे.

“मावशी, शांतता टिपतोय,” कानसेन हात जोडून म्हणे.

“टिप की. मी कुठं काय बोलतेय? नुसतं म्हटलं, या शांततेचं पुढं करतात तरी काय?”

“आई!”

“लहानपणी मी घसा फोडून ‘गप्प बस’ म्हणायचे, तेव्हा बसलीस का गं कधी? आता भोगते मी.”

सगळे हसत, आणि मला नव्याने सुरुवात करावी लागे. पण एकदा नियम पटल्यावर आईसारखे कुणी उभे राहिले नाही. एक हात टेबलावर टेकवून ती अशी थांबे, की काटा पुरता निजून जाई.

त्या खोलीतल्या शेवटच्या दिवशीही सगळे तसेच उभे होते. मी फिरत होतो. तेवढ्यात चिमीची नजर दाराबाहेर गेली. जिन्यावर उतरतीचे ऊन पडले होते, कित्येक दिवस ती ज्याची वाट पाहत होती तेच. तिने हाताने खूण केली आणि कॅमेरा उचलून सगळे जिन्याकडे धावले. ‘झालं’ म्हणायचे राहून गेले. खोलीत आई उरली आणि मी उरलो. ती हलली नाही.

मंडळी परतली तेव्हा खुशीत होती. आईने चहा केला. कप पुढे करत ती म्हणाली, “चिमे, मला अजून कुणी ‘झालं’ म्हटलेलं नाही हं. नियमाप्रमाणे मी अजून उभीच आहे.”

“हो गं, म्हणते,” चिमी म्हणाली. तिचे डोळे टिपलेल्या उन्हाच्या हिशेबात होते.

त्याच आठवड्यात आई झोपेत गेली.

चित्रपटाचा शेवट राहिला होता. चिमीने तो नव्याने लिहिला: मुलगी परत येते, खोली रिकामी आहे, आणि तिथे कुणी नाही हे प्रेक्षकाला ऐकू येते. बस्स, एवढेच. त्याचे चित्रीकरण एका सकाळी उरकले, पण घरमालकाने त्याच संध्याकाळपर्यंत किल्ली मागितली होती आणि दुसऱ्या दिवशी नवे बिऱ्हाड येणार होते. त्या दिवसानंतर ती खोली कुणाला मिळणार नव्हती. भर दुपारी मला जमिनीवर ठेवून, सुरू करून, सगळे बाहेर गेले.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला भीती वाटत नाही असे म्हणतात. तरी सांगतो, माझा काटा निजेना. उजवीकडेही जाईना. मध्येच कुठेतरी तो अडून राहिला, दारात थबकलेल्या माणसासारखा.

कानसेनाने फीत ऐकली. कानावरचे हेडफोन काढले, पुसले, पुन्हा लावले. “ही रिकामी खोली नाही,” तो म्हणाला.

“सगळे बाहेर होते.”

“म्हणूनच विचारतोय, आत कोण होतं?”

त्यांनी कपडे हलवले. मशीन हलवले. टेबल बाहेर काढले, पडदे उतरवले, भिंती उघड्या पडल्या. मी प्रत्येक वेळी तेच टिपले. ना श्वास, ना पाऊल. फक्त आवाज पिणारे काहीतरी खोलीच्या मधोमध होते, एका माणसाच्या रुंदीचे, जिथे टेबलाची कड होती तिथे.

ऊन कलले. कानसेनाने आईसोबतच्या शेवटच्या चित्रीकरणाची फीत माझ्यावर चढवली आणि आजच्या पहिल्या फितीशी ताडून पाहिली. आधी सगळ्यांची शांतता होती. फीत पुढे सरकली. धावणारी पावले आली, मग एकट्या आईची शांतता, तंतोतंत आजचीच, मग फीत संपली.

“चिमे,” त्याने पहिल्यांदाच तिला त्या नावाने हाक मारली. “प्रत्येक फितीच्या शेवटी तुझा शब्द आहे. या एकीवर नाही. मावशी चहा देताना काय म्हणाल्या होत्या, आठवतं?”

तिने मान खाली घातली. आठवत होते. त्याने कोरी फीत चढवून मला पुन्हा सुरू केले आणि दोघे उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

“चेष्टा करत होती ती.”

“हो. चेष्टाच.”

“आणि मी म्हटलं, तर जाईल ती.”

“तुलाच रिकामी खोली हवी होती ना?”

“शेवटासाठी हवी होती रे,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला, की काटा जेमतेम हलला. “माझ्यासाठी नको होती.”

खाली घरमालकाने दार वाजवले. “आटपा हो, अंधार पडायला आला.”

चिमी आत आली. त्या दिवशी जिथून धावत निघाली होती, तिथेच उभी राहिली. समोर उघडी जमीन होती. ती पाहत होती त्या उंचीवर आईचा चेहरा असता.

“झालं, आई,” ती म्हणाली. “छान झालं. किती वेळ उभं ठेवलं तुला. बस आता.”

काही पडले नाही, काही वाजले नाही. फक्त खोली मोठी झाली. भिंती होत्या तिथेच होत्या, पण तिचे शेवटचे दोन शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचून परत यायला आता अडसर नव्हता. माझा काटा डावीकडे आला आणि निजला. कानसेनाने डोळे मिटून मान हलवली. मग दोघे बाहेर गेले आणि मी ती खोली टिपली. फितीवर कुणीच नव्हते. एवढे कुणीच नसणे मी आधी कधी ऐकले नव्हते.

चित्रपट पुष्कळ हिंडला. त्याच्या शेवटाबद्दल विद्वानांनी लांबलचक लेख लिहिले. एका खेळात मागच्या रांगेतल्या आजोबांनी ओरडून विचारले, “अहो, आवाज बंद पडला का?” चिमी त्या खेळाला होती. ती हसली आणि उठून बाहेर गेली. पुढेही तिने चित्रपट केले, निर्मात्यांची वाक्ये तीच राहिली. पण प्रत्येक शांततेनंतर ती एकेकापाशी जाऊन खांद्याला हात लावून ‘झालं’ म्हणू लागली, दिवे धरणाऱ्यापासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना. लोक तिला विक्षिप्त म्हणत. मला आता कपाटात ठेवले आहे. माझे काम मुठीत मावणारे यंत्र करते. माझी फीत चिकट झाली आहे, चकत्यांवर धूळ आहे. जमले तर कधी मऊ फडक्याने पुसा. पण माझे मागणे ते नाही.

मित्रांनो, तुम्ही ‘स्टॅच्यू’चा खेळ खेळता. एकाने शब्द उच्चारायचा आणि दुसऱ्याने दगड व्हायचे. मग घरून हाक येते, दिवेलागण होते, तुम्ही चपला पायात सरकवून पळता. पळा, पण पळण्याआधी मैदानावर एक नजर टाका. तुमच्या शब्दाखातर कुणी अजून उभे असेल, तर त्याला सोडवून मग घरी जा.