बोअरच्या पाण्यावर पोसलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना वॉटर पंप आहे. किल्लारीच्या व्यंकटच्या गाडीतून काढलेला आणि अजूनही गोंधळलेला. इंजिन तापू नये म्हणून त्याच्या अंगात पाणी खेळवत ठेवायचं, एवढंच माझं काम. मला फिरवायची ती टायमिंग चेन. इंजिनातली कोणती झडप कधी उघडायची ते तीच ठरवायची, म्हणून तिचा तोरा जरा जास्त. मी आपला साधा गडी. पाणी मिळालं की खूश.

आणि पाणी मला पोटभर मिळालं. नवा होतो तेव्हा माझ्यात हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं खास द्रव होतं. ते कमी होत गेलं तसं व्यंकट घरच्या बोअरचं पाणी ओतू लागला. रोज सकाळी बॉनेट उघडून म्हणायचा, "पी बाबा, पी." असा मालक मिळायला नशीब लागतं, असं मला वाटायचं.

एक गोष्ट मात्र मला उमगत नव्हती. व्यंकटच्या आईची, रुक्मिणबाईची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा तो तिला डायलिसिससाठी लातूरला न्यायचा. वाटेत ती पाणी मागायची, आणि हा बाटलीच्या टोपणात ओतून द्यायचा.

"गाडीला बादलीभर पाजतूस, अन् मायला टोपणभर?"

"डाक्टरनं सांगितलंय, माय."

ती खिडकीकडे तोंड करून बसायची. मलाही व्यंकटचा राग यायचा. माझ्यावर एवढी माया आणि आईच्या बाबतीत हात आखडता, हे कसं?

मग एक दिवस माझ्यातून पाणी गळू लागलं. चेन खडखडायला लागली. दोष तिचा की माझा, हे आम्हा दोघांनाही कळेना. व्यंकटने गाडी औशाच्या शरणप्पा मिस्त्रीकडे लावली. दुसऱ्या दिवशी माय-लेक एसटीने तिथे आले, तेव्हा इंजिन पुढून उघडं पडलेलं होतं.

"दोन वाजता मायचा नंबर हाय, मामा. नुसती चेन बदला. पंपाचं उद्या बघू, पाणी टाकत टाकत जातो की."

शरणप्पाने मला व्यंकटच्या तळहातावर ठेवलं. "हे बघ. बोअरच्या जड, क्षारवाल्या पाण्यानं खाल्लं ह्याला. ह्याचं बेअरिंग गेलं, म्हणून चेन ढिली झाली. ह्योच ठेवला तर नवी चेन बी उडंल, अन् इंजन वाटंतच फुटंल."

"पण मी लई मायेनं पाजत होतो!"

"मायेनंच पाजलास रे. पण ह्याला सोसत नव्हतं."

मी चक्रावलो. ज्या पाण्याने मी सुखावत होतो, त्यानेच मला खाल्लं? मग पाजणारा माझा कोण? व्यंकटने मला बाकड्यावर ठेवलं. शेवटी म्हणाला, "दोन्ही बदला."

शरणप्पा नवी चेन बसवून तिच्यावरच्या खुणा चाकांवरच्या खुणांशी जुळवू लागला. व्यंकट हातबॅटरीचा उजेड धरून उभा. रुक्मिणबाई बाकड्यावर माझ्या शेजारी बसली होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. मिस्त्रीच्या घरच्या सुमनबाईंनी पाहुणी म्हणून तिला तांब्याभर गार पाणी आणून दिलं. लेकाची पाठ होती. तिने तांब्या तोंडाशी नेला.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. माझ्या कुरतडलेल्या पात्यांवरून तिने हळूच बोट फिरवलं. मग "मलाबी सोसत नसंल," असं पुटपुटत तांब्या खाली ठेवला आणि हाक मारली, "व्यंकट, टोपणभर दे बाबा." तो आला तेव्हा तिचे डोळे भरले होते. "मला वाटायचं, मी नकोशी झाले, म्हणून तू पाणी तोडतूस."

व्यंकट तिच्याजवळ टेकला, टोपण भरून दिलं आणि म्हणाला, "किडन्या गेल्यावर पाणी अंगातच साचतंय, माय, म्हणून तोडतो." गाडी वेळेत सुटली. मी बाकड्यावरच राहिलो.

मित्रांनो, पाणी चांगलं की वाईट, हे मला विचारू नका. माझं डोकं अजून गरगरतंय. पण कुणाला मायेने काही द्याल, तेव्हा त्याला काय सोसतं ते आधी बघा. आणि ज्याला कमी द्यावं लागतं, त्याच्याजवळ बसून कारण नीट समजावून सांगा. व्यंकटने तेवढं आधीच केलं असतं, तर त्या माउलीने वर्षभर त्याच्याकडे पाठ करून प्रवास केला नसता.