काळ्या दारापर्यंतची वही

सहा वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, फासे टाकत गोष्टीतली पात्रं होण्याचा खेळ खेळायचो. गोष्ट दादा रचायचा; राक्षस, शापित किल्ले, फितूर राजे सगळे त्याच्या डोक्यातले. वहिनी चेटकीण व्हायची, शेजारचा वायरमन बुटका योद्धा, मी चोर. खेळात काय काय घडलं ते मी वहीत उतरवायचे.

मग दादाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, आठवणी गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओळखीचं काहीतरी वाचून दाखवा." म्हणून मी रोज त्याच्या पलंगाशी बसून वही वाचू लागले. तो अगदी कान देऊन ऐकायचा.

काल शेवटचं पान आलं. आम्ही तळघरात एका काळ्या दारापुढे पोचलो होतो, आणि खेळ तिथेच थांबला होता.

"मग? दारामागे काय होतं?" त्याने विचारलं.

"ते तुलाच ठाऊक होतं रे, दादा."

तो कपाळ चोळत राहिला. शेवटी ओशाळून म्हणाला, "माफ करा हं, ताई. खरंच काही आठवत नाही."

धाकट्या बहिणीला तो अहो-जाहो करत होता. मी पेन उघडलं, पण त्या पानावर पुढे काय लिहावं ते मला सुचेना.